लोकांच्या पोस्ट बघून जीव जळतो? मग हे करून बघा
आधीच सांगतो, अ‍ॅप डिलीट करायच्या भानगडीत पडू नका, मी तीनदा केलं आणि तिन्ही वेळा चार दिवसांत परत टाकलं. त्यापेक्षा ज्याच्या पोस्ट बघून त्रास होतो त्याला म्यूट करा, म्हणजे त्याच्या पोस्ट आपल्याला दिसतच नाहीत. इन्स्टाग्रामवर त्या माणसाच्या प्रोफाइलवर जाऊन फॉलोइंगवर टॅप करायचं, मग म्यूट, पोस्ट आणि स्टोरी दोन्ही. समोरच्याला नोटिफिकेशन जात नाही, त्यामुळे मैत्रीत मिठाचा खडा पडत नाही. माझा एक मित्र रोज पहाटे ५ वाजता उठून डायरीचा फोटो टाकायचा आणि मी तो ९ वाजता अंथरुणातच लोळत बघायचो, म्हणजे दिवस सुरू व्हायच्या आधीच हरलेलो! म्यूट केल्यापासून तो प्रत्यक्ष भेटला की उलट बरं वाटतं. लाइकचे आकडेही लपवता येतात, २०२१ पासून ती सोय आहे. फोनचा मोह कमी व्हावा म्हणून स्क्रीन ब्लॅक अँड व्हाइट करून बघितली, दोन दिवसांत कंटाळलो. आणि टू-डू लिस्टची नवनवीन अ‍ॅप शोधत बसू नका राव, सेटअप करण्यातच अख्खा रविवार जातो आणि काम तसंच पडून. कागदावर तीनच कामं लिहा आणि तो कागद फोनवर ठेवा, फोन घ्यायचा तर आधी कागद उचलावा लागतो.