ओएसपीएफ एरिया: नेबर ‘फुल’ दिसतो, तरी रूट येत नाहीत? या चुका टाळा

लेयर 3 स्विचवर (रूटिंगही करणाऱ्या स्विचवर) ओएसपीएफचे, म्हणजे एकमेकांना रूट सांगण्याच्या प्रोटोकॉलचे, एरिया (नेटवर्कचे गट) लावताना होणाऱ्या सगळ्याच चुका सारख्या नसतात. नेबर (शेजारचा ओएसपीएफ स्विच) जुळला नाही तर लगेच कळतं आणि शोधायची जागाही ठरलेली असते. नेबर फुल (पूर्ण जुळलेला) आहे, लॉग शांत आहे आणि तरीही एका बिल्डिंगमधून दुसऱ्या बिल्डिंगचा सर्व्हर पिंग होत नाही, अशा चुका जास्त वेळ खातात. म्हणून आधी नेबर तपासा, मग रूट. हा क्रम मोडू नका.

नेबरच येत नसेल तर

‘शो आयपी ओएसपीएफ नेबर’ रिकामं असेल तर आधी एसव्हीआय (व्हीलॅनचा, म्हणजे स्विचवरच्या आभासी नेटवर्कचा, आयपी इंटरफेस) अप आहे का ते बघा. त्या व्हीलॅनमध्ये एकही पोर्ट चालू नसेल तर ती डाउनच राहते. मग पॅसिव्ह इंटरफेस, म्हणजे ज्यावर हॅलो (नेबर शोधणारी पॅकेटं) पाठवली जात नाहीत असा इंटरफेस. ‘पॅसिव्ह-इंटरफेस डिफॉल्ट’ देणं ही चांगलीच सवय आहे, यूजरच्या व्हीलॅनमध्ये हॅलो जायचं कारणच नाही. पण अपलिंकवर ‘नो पॅसिव्ह-इंटरफेस’ द्यायचं हमखास राहतं. त्यानंतर दोन्ही टोकांचे टायमर (हॅलो आणि डेड, इथरनेटवर साधारणपणे 10 आणि 40 सेकंद), सबनेट मास्क, ऑथेंटिकेशन आणि एरिया नंबर ताडून बघा. एका बाजूला 20 आणि दुसऱ्या बाजूला 0.0.0.20 दिसलं तर घाबरू नका, तो एकच एरिया आहे.

एरिया नंबर चुकल्यावर सिस्कोच्या स्विचवर येणारा एक संदेश मात्र फसवा आहे. बॅकबोनकडून (म्हणजे मधल्या एरिया 0 कडून) पॅकेट आलं, व्हर्च्युअल लिंक (दुसऱ्या एरियातून बॅकबोनला जोडणारी आभासी लिंक) हवी होती पण सापडली नाही, असा त्याचा आशय असतो. तो वाचून लोक खरोखर व्हर्च्युअल लिंक बांधायला बसतात. बहुतेक वेळा झालेलं एवढंच असतं, की समोरचं टोक एरिया 0 मध्ये आहे आणि तुमचं टोक दुसऱ्याच एरियात.

नेबर एक्सस्टार्टवर (डेटाबेसची देवाणघेवाण सुरू होण्याच्या टप्प्यावर) अडकला तर एमटीयू (पॅकेटची कमाल साइझ) बघा. एका बाजूला जंबो फ्रेम चालू आणि दुसरीकडे 1500, हे नेहमीचं कारण. हॅलो पॅकेट छोटं असल्यामुळे ते आरामात जातं, गाडी डेटाबेसच्या देवाणघेवाणीत अडते. ‘एमटीयू-इग्नोर’ देऊन नेबर वर येईल, पण मोठी पॅकेटं नंतर गळायची शक्यता तशीच राहते. एमटीयू जुळवा. टू-वेवर (हॅलो दोन्हीकडून पोहोचले, एवढ्याच टप्प्यावर) थांबलेला नेबर मात्र दरवेळी बिघाड नसतो: एकाच व्हीलॅनवर चार स्विच असतील तर डीआर किंवा बीडीआर (त्या व्हीलॅनमध्ये निवडलेला मुख्य आणि राखीव स्विच) नसलेले दोघं एकमेकांशी टू-वेवरच राहतात.

वाइल्डकार्ड मास्कचा घोळ

समजा 10.1.20.0 पासून 10.1.35.0 पर्यंतचे सोळा सबनेट एरिया 20 मध्ये घ्यायचे आहेत. सोळा सबनेटसाठी वाइल्डकार्ड (पत्त्यातले कोणते बिट कसेही चालतील ते सांगणारा मास्क) 15, म्हणून लिहिलं ‘नेटवर्क 10.1.20.0 0.0.15.255 एरिया 20’. ही ओळ प्रत्यक्षात 10.1.16.0 ते 10.1.31.255 धरते, कारण वाइल्डकार्ड मोजणी 20 पासून सुरू करत नाही, सोळाच्या पटीवर बसतो. परिणाम असा की 32 ते 35 बाहेर राहिले आणि दुसऱ्या एरियातले 16 ते 19 आत ओढले गेले. माझं मत स्पष्ट आहे: नव्या कॉन्फिगरेशनमध्ये एरिया थेट इंटरफेसवरच लिहा, ‘आयपी ओएसपीएफ 1 एरिया 20’. मग ‘शो आयपी ओएसपीएफ इंटरफेस ब्रीफ’ काढून एकेक ओळ वाचा.

एरिया 0 तुटलेला असणं

दोन कोअर स्विच, खाली डिस्ट्रिब्यूशन स्विच, प्रत्येकाचे अपलिंक दोन्ही कोअरला. चित्र छान दिसतं. पण दोन कोअरमधली लिंक चुकून एरिया 20 मध्ये टाकली, किंवा एरिया 0 ची एकुलती एक लिंक पडली, की बॅकबोनचे दोन तुकडे होतात. एरिया 20 मधून रस्ता शिल्लक असतो, सगळे नेबर फुल असतात, तरी एक कोअर दुसऱ्या कोअरचे टाइप 3 एलएसए (दुसऱ्या एरियातल्या रूटचे समरी संदेश) त्या रस्त्याने आल्यावर विचारात घेत नाही. लूप टाळण्यासाठी एबीआरने (बॅकबोन आणि दुसऱ्या एरियाच्या सीमेवरच्या स्विचने) फक्त बॅकबोनमधले समरी एलएसए वापरायचे, असा नियमच आहे. उपाय म्हणजे दोन कोअरमध्ये किमान दोन केबलचं पोर्ट-चॅनेल आणि ते एरिया 0 मध्ये. व्हर्च्युअल लिंक तात्पुरती चालेल, पण ती स्टब एरियातून (ज्यात ओएसपीएफबाहेरचे रूट न जाता डिफॉल्ट रूट जातो) जात नाही.

याचाच भाऊ म्हणजे एरिया 20 आणि 30 जोडणारा, पण एरिया 0 शी संबंधच नसलेला स्विच. तो एकाचे रूट दुसऱ्याला देणार नाही.

स्टब करताना क्रम

‘एरिया 20 स्टब’ त्या एरियातल्या प्रत्येक स्विचवर लागतं, ‘नो-समरी’ (टाइप 3 एलएसएही रोखणारा पर्याय) फक्त एबीआरवर. एनएसएसए (ओएसपीएफबाहेरचे रूट स्वतः आणू शकणारा स्टब) केलं तर सिस्कोवर डिफॉल्ट रूट आपोआप येत नाही, तो वेगळा मागावा लागतो किंवा तिथेही ‘नो-समरी’ द्यावं लागतं.

हा बदल रिमोटने करताना आधी लांबचे स्विच घ्या, एबीआर शेवटी. कमांड दिल्याबरोबर त्या स्विचचा नेबर पडेल, सेशन अडकेल, ते अपेक्षितच आहे. एबीआर बदलला की सगळे परत येतात. उलट केलंत तर लांबच्या स्विचपर्यंत पोहोचायला कन्सोल केबल घेऊन जावं लागेल. सुरू करण्याआधी प्रत्येक स्विचवर ‘रीलोड इन 30’ (30 मिनिटांनी आपोआप रीस्टार्ट, म्हणजे सेव्ह केलेलं जुनं कॉन्फिगरेशन परत) लावा, सगळे नेबर फुल आणि रूट जागेवर दिसेपर्यंत कॉन्फिगरेशन सेव्ह करू नका, आणि नंतर ‘रीलोड कॅन्सल’ द्यायला विसरू नका.