उन्हाळी कोथिंबीर: शेंड्याकडं बघून काढणी करा

फेब्रुवारी सरला की आपल्या भागात कोथिंबिरीचा नूर बदलतो. थंडीत ४०-४५ दिवस निवांत उभी राहणारी कोथिंबीर आता ३०-३५ दिवसांतच फुलाचा दांडा धरते. दिवस मोठा होतो, ऊन तापतं, त्यात पाण्याचा ताण पडला तर आणखी घाई. कोल्हापूर जिल्ह्यातला करवीर तालुका असो की शिरोळ, तक्रार एकच: "बियाणं खराब निघालं." दर वेळी दोष बियाण्याचा नसतो. कधी कधी असतोही, ते पुढं सांगतो.

दांडा दिसायच्या आधी पान खूण देतं. बुडातली पानं रुंद असतात. शेंड्याची नवी पानं बारीक चिरलेली, शेपूसारखी यायला लागली की झाड फुलाकडं वळलं म्हणून समजा. त्याच दोन-तीन दिवसांत काढणी करा. दर चढेल म्हणून आठवडाभर थांबलात तर पेंडीत पाल्यापेक्षा काड्याच जास्त भरतील, आणि अशी पेंडी बाजारात कोण हातात धरत नाही. युरिया टाकून किंवा शेंडे खुडून झाड मागं फिरत नाही. खुडलं तर बगलेतून फुटवे येतात, तेही फुलावरच जातात.

सगळं रान एकदम पेरू नका. दर ८-१० दिवसांनी एक-दोन गुंठे टाका. धणे रगडून दोन फाकी करा, रात्रभर भिजवून सावलीत सुकवा, मग पेरा. रोपं उपटून दुसरीकडं लावायच्या भानगडीत पडू नका, सोटमूळ दुखावलं की झाड लवकर फुलतं. पाणी हलकं पण वरचेवर द्या. सुरू हंगामातल्या (जानेवारी-फेब्रुवारीच्या सुमारास लावलेल्या) उसाच्या सरीत आंतरपीक घेणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवावं: ॲट्राझिन हे तणनाशक मारलेल्या रानात कोथिंबीर टाकू नये.

आता बियाण्याचं. किराणा दुकानातले धणे बहुतेक दाण्यासाठी पिकवलेल्या वाणांचे असतात. ते लवकर फुलणारच. पाल्यासाठीचं बियाणं वेगळं मागून घ्या. घरचं बियाणं धरणारे तर हमखास चुकतात. चांगली पालेदार झाडं बाजारात जातात आणि आधीच फुललेली, विकली न जाणारी झाडं "राहू दे बियाण्याला" म्हणून मागं राहतात. असं चार-पाच वर्षं केलं की लवकर फुलणारं वाण आपणच तयार करून बसतो. त्यापेक्षा एक वाफा मुद्दाम राखा. त्यातली आधी दांडा धरणारी झाडं फूल उमलायच्या आत उपटा, कारण मधमाश्या त्यांचा पराग चांगल्या झाडांवर नेतात. सगळ्यात उशिरा फुलणाऱ्यांचंच बी धरा.

फुललेला वाफा नांगरायची घाई नको. फुलांवर मधमाश्या येतात, मावा खाणारे ढालकिडेही येतात. शेजारी मिरची असेल तर बरंच. हिरव्या धण्याला पानाचा वास असतो, तो पिकताना निघून जातो आणि मसाल्याचा गोडसर वास येतो. निम्म्याहून जास्त धणे पिवळसर तपकिरी झाले की सकाळच्या दवात कापा, नाहीतर गळतात. सावलीत वाळवा. आणि कापणीआधी मूठभर हिरवे धणे मिरचीबरोबर ठेच्यात टाकून बघा, भाकरी कमी पडेल.