फ्रीजरमधल्या फळांची मीड: या चुका टाळा

उन्हाळ्यात न्यू जर्सीतल्या हॅमंटनच्या मळ्यांवरून हौसेने ब्लूबेरी तोडून आणायची, खाऊन उरेल ती फ्रीजरमध्ये कोंबायची आणि पुढच्या वर्षी जागा करायची म्हणून तिची मीड, म्हणजे मध आंबवून केलेलं मद्य, लावायची, हे आमच्या ओळखीच्या बऱ्याच मराठी घरांत चालतं. बेत उत्तम आहे. गोठताना फळाच्या पेशी फुटतात, त्यामुळे वितळल्यावर रस आपसूक सुटतो. पण मदतीसाठी येणारे फोन दर वेळी त्याच त्या चुकांचे असतात.

सगळ्यात घातक चूक म्हणजे एअरलॉकमधले (वायू बाहेर सोडणारं, हवा आत न घेणारं झाकण) बुडबुडे थांबले की मीड झाली असं समजून बाटल्या भरणं. माझ्या एका मित्राने ऐन जानेवारीत तळघरात स्ट्रॉबेरीची मीड लावली. थोड्याच दिवसांत बुडबुडे बंद पडले. यीस्ट फक्त थंडीने गारठलं होतं. त्याने बाटल्या भरल्या, बुचं घट्ट लावली आणि कपाटात ठेवल्या. मे महिन्यात ऊब येताच यीस्ट जागं झालं. एक बाटली फुटली, तिच्या दणक्याने शेजारच्या फुटल्या. मी पोहोचलो तेव्हा कपाटाचं दार एका बिजागरीवर लोंबत होतं, छतावर गुलाबी शिंतोडे होते आणि समोरच्या भिंतीत बोटभर लांबीची काच रुतली होती. खोलीत कुणी नव्हतं हे नशीब. उरलेल्या बाटल्या आम्ही गॉगल आणि जाड हातमोजे घालून, टॉवेलमध्ये गुंडाळून एकेक करून उघडल्या. हायड्रोमीटर (द्रवाची पाण्याच्या तुलनेतली घनता मोजणारं साधन; पाण्याला १.०००) १.०१८ दाखवत होता, म्हणजे लिटरमागे चाळीस ग्रॅमहून जास्त साखर शिल्लक. चार ग्रॅम साखर आंबली तरी जवळजवळ लिटरभर वायू सुटतो!

तेव्हा आधी हायड्रोमीटर घ्या, मग मध. आकडा १.०००च्या आसपास किंवा खाली आला आणि दोन आठवड्यांनी तोच राहिला, तरच मी आंबणं संपलं असं धरतो. त्यानंतरही महिनाभर बाटलीचं नाव काढत नाही. मीड गोड हवी असेल तर आंबणं पूर्ण होऊ द्या, गाळावरून काढा, यीस्टला पुन्हा वाढू न देणारी पोटॅशियम मेटाबायसल्फाइट आणि सॉर्बेट ही दोन्ही रसायनं घाला, मग वरून मध. नुसतं सॉर्बेट टाकून चालू असलेलं आंबणं थांबत नाही.

दुसरी चूक अरुंद तोंडाच्या काचेच्या जारची. फळं वायूबरोबर वर येतात, तोंडाशी बूच होऊन बसतात, आणि मग झाकण उडतं. फळांसाठी रुंद बादलीच हवी, तीही वरून तिसरा हिस्सा रिकामी. फळं जाळीच्या पिशवीत बांधा आणि सकाळ-संध्याकाळ स्वच्छ पळीने खाली दाबा. वर कोरडी राहिलेली फळं बुरशी धरतात. जे ‘लावलं आणि विसरलो’ म्हणतात, त्यांनी फळांच्या वाटेला जाऊ नये.

बर्फाळ फळं थेट यीस्टवर ओतू नका. खोलीच्या तापमानाला येऊ द्या, आणि सुटलेला रस फेकू नका. फळं उकळू तर मुळीच नका, पेक्टिन (जॅम घट्ट करणारा फळातला पदार्थ) सुटून मीड गढूळ होते. पेक्टिन तोडणारं पेक्टिक एन्झाइम यीस्टच्या बारा तास आधी घाला.

मधात नायट्रोजन जवळजवळ नसतो, म्हणून यीस्टचं खाद्य पहिल्या तीन-चार दिवसांत थोडं थोडं द्या. त्याआधी ढवळून वायू काढा, नाहीतर भुकटी पडताच फेस जमिनीवर येतो.

केशर आंब्याच्या डब्यातल्या पल्पमध्ये साखर असते, ती हिशोबात धरा. ‘महिन्यात तयार’ छापाच्या कृती सोडून द्या. सहा महिन्यांच्या आत मीडचा कडकपणा जात नाही, आणि एक गॅलनला सव्वा किलो मध घातल्यावर तेवढी वाट बघायलाच हवी.

पुण्या-मुंबईहून विचारणाऱ्यांसाठी: अमेरिकेत घरच्यापुरती मीड करायला परवानगी आहे, विकायला नाही. महाराष्ट्रात मात्र दारूबंदी कायद्यानुसार परवान्याशिवाय घरी मद्य करणं गुन्हा आहे.