साहसकथेच्या मंगासाठी शिकवलेला प्राणी-सोबती कसा घडवावा

अद्भुत साहसकथेच्या मंगामध्ये, म्हणजे जपानी चित्रकथेत, नायकाच्या खांद्यावरचा पक्षी किंवा त्याच्या मागे धावणारा लांडगा हमखास भेटतो. मात्र त्यांतले बरेचसे प्राणी तीन-चार प्रकरणांनंतर केवळ शोभेपुरते उरतात, कारण त्यांना काय येते, ते कोणी शिकवले आणि काय मुळीच येत नाही, हे लेखकाने ठरवलेलेच नसते. नायक अडला की प्राणी वाटेल ते करून दाखवतो आणि वाचकाला त्याची काळजी वाटेनाशी होते. म्हणून चित्र काढण्यापूर्वी प्राण्याची शिकवणी ठरवावी.

पहिली पायरी म्हणजे खऱ्या शिकवलेल्या प्राण्याचा अभ्यास. जपानमधलेच उदाहरण घेऊ. गिफू शहरातून वाहणाऱ्या नागारा नदीवर पाणकावळ्यांकडून मासे धरण्याची प्रथा १,३०० वर्षांहून जुनी मानली जाते. तिला उकाई म्हणतात. ११ मे ते १५ ऑक्टोबर या हंगामात, अंधार पडल्यावर, नावेच्या पुढच्या टोकाला टांगलेल्या लोखंडी जाळीत पाइनची लाकडे पेटवतात. उजेडाने बिथरलेले आयू जातीचे मासे सैरावैरा पळू लागतात आणि दहाएक पाणकावळे बुडी मारून त्यांना टिपतात. या पक्ष्यांचा धनी म्हणजे उशो. गिफूमध्ये हे काम पिढीजात करणारे सहा उशो आहेत आणि जपानी राजघराण्याच्या कारभार खात्याकडून त्यांना अधिकृत दर्जा मिळालेला आहे. याच पक्ष्याचे भाऊबंद आपल्याकडच्या तळ्यांवर पंख पसरून ऊन खाताना दिसतात, त्यामुळे त्याचे बसणे-उडणे निरखायला मराठी वाचकाला फार लांब जावे लागत नाही.

दुसऱ्या पायरीवर प्राण्याची उपजत सवय आणि माणसाने दिलेले वळण यांची वेगवेगळी नोंद करावी. मासा पकडणे पाणकावळ्याला कोणी शिकवत नाही. उशोकडचे पक्षी मुळात रानटी असतात. इबाराकी प्रांतातल्या समुद्रकिनारी ते पकडले जातात, आणि माणसाच्या हाताची, दोरीची, आगीची व इतर पक्ष्यांच्या सोबतीची सवय लावण्यात साधारण तीन वर्षे जातात. कथेतल्या प्राण्यालाही हाच नियम लावावा. समजा, बुडालेल्या राजधानीतून वस्तू वर आणणारा मोठा काळा पक्षी तुम्ही कल्पिला आहे. बुडी मारणे आणि चकाकणाऱ्या वस्तूवर झडप घालणे ही त्याची उपजत सवय. ती वस्तू नायिकेच्या हाती देणे, एवढेच तिने शिकवलेले. मग तो पक्षी नकाशा वाचू लागला किंवा शत्रूचे बोलणे समजू लागला, तर तुम्हीच घातलेला नियम तुम्ही मोडलात असे समजावे.

साधनांचा विचार मी सर्वांत महत्त्वाचा मानतो, कारण धनी आणि प्राणी यांचे नाते तिथे डोळ्यांना दिसते. पाणकावळ्याच्या गळ्याभोवती दोरीचा फास असतो. तो इतक्या बेताने बांधतात की लहान मासे पोटात जावेत आणि मोठे घशात अडकून राहावेत. फार आवळला तर पक्षी उपाशी राहील, फार सैल सोडला तर धन्याच्या हाती काही लागणार नाही. हा बेत उशोच्या बोटांना ठाऊक असतो. पक्ष्याला धरून ठेवणारी दोरी हिनोकी झाडाच्या तंतूंची असते आणि तिचा गुण विलक्षण आहे: ती ओढली तर तुटत नाही, पण पीळ उलटा फिरवला की सहज तुटते. पाण्याखालच्या खडकात दोरी अडकली तर उशो ती अशीच तोडून पक्ष्याला मोकळे करतो. कथेतल्या प्रत्येक साधनाबद्दल, मग तो लगाम असो, शिट्टी असो वा पट्टा, ते कशाचे बनले आहे आणि कोणत्या प्रसंगी तुटेल, ही दोन उत्तरे लिहून ठेवावीत.

इशारे थोडेच ठेवावेत. उकाईत ‘होऽ होऽ’ अशी साद आणि नावेच्या कडेवर केलेला ठकठक आवाज पक्ष्यांना हुरूप देतो. मंगामध्ये आवाज अक्षरांनी रेखाटला जातो, म्हणून प्रत्येक इशाऱ्याला एकच ठरावीक अक्षररूप द्यावे. पुढे धनी चौकटीत नसला तरी ती अक्षरे पाहताच वाचकाला तो जवळ असल्याचे कळेल.

चित्र काढताना आधी प्राण्याची नुसती काळी आकृती काढून पाहावी. मंगा बहुतेक काळ्या-पांढऱ्या शाईत छापला जातो, आणि रात्रीच्या पाण्यातला काळा पक्षी सहज हरवतो. त्यासाठी आगीचा उजेड एकाच बाजूने घ्यावा, ओल्या पिसांच्या कडा कोऱ्या सोडाव्यात आणि चोचीचा आकडा स्पष्ट ठेवावा. पाने उजवीकडून डावीकडे वाचली जात असल्याने बुडी मारणारा पक्षी उजव्या वरच्या कोपऱ्यातून डाव्या खालच्या कोपऱ्याकडे न्यावा, म्हणजे वाचकाची नजर त्याच्याबरोबरच खाली उतरते.

शेवटी ही सगळी तयारी पणाला लावणारा एक प्रसंग रचावा. बुडालेल्या राजवाड्याची किल्ली पक्ष्याच्या घशात आहे, दोरी खांबाला गुंडाळली गेली आहे आणि श्वास संपत आला आहे. नायिका ओढत राहिली तर दोरी टिकेल, पण पक्षी बुडेल. पीळ उलटवला तर पक्षी सुटेल, मात्र किल्ली घेऊन तो परत येईल याची काहीच खात्री नाही. या पानावर संवादाचा एकही फुगा नसावा. पहिल्या चौकटीत ताणलेली दोरी, दुसरीत नायिकेचा अंगठा आणि तर्जनी, तिसरीत सुटू लागलेले तंतू, आणि पान उलटल्यावर पूर्ण पानभर फक्त शांत पाणी व नावेच्या कडेवर ठकठक करणारा तिचा हात.