पिंजऱ्यातील पक्षी आणि एसीचा झोत

मुंबईत लव्हबर्ड किंवा कॉकटील पाळणाऱ्यांनी हिवाळ्यापेक्षा एसीची धास्ती अधिक बाळगावी, कारण दमट उकाड्याला सरावलेल्या पक्ष्याच्या अंगावर थेट येणारा गार झोत त्याच्या शरीरातील उष्णता झपाट्याने हिरावून घेतो. पिंजरा आतल्या भिंतीलगत ठेवावा आणि तेथे टिश्यू पेपरची पट्टी धरून ती हलते का, हे पंखा व एसी दोन्ही चालू असताना पाहावे; उदबत्तीच्या धुराने हीच परीक्षा घेणे पक्ष्यांच्या नाजूक फुप्फुसांना मानवत नाही. पावसाळ्यात बाल्कनी टाळावीच. रात्री तीन बाजू सुती कापडाने झाकून चौथी हवेसाठी मोकळी ठेवावी. चोच उघडी ठेवून धापा टाकणे हे उष्म्याचे लक्षण होय. मात्र पिसे फुगवून मरगळलेला पक्षी श्वासागणिक शेपटी हलवू लागल्यास त्याला तातडीने पशुवैद्याकडे न्यावे.