इमल्शन रंगातील थिकनर आणि इतर पॉलिमर: या चुका टाळा

बेळगावच्या उद्यमबाग आणि मच्छे परिसरातील लहान कारखान्यांकडून इमल्शन रंगाच्या ज्या तक्रारी माझ्याकडे येतात, त्यांपैकी बहुतेकांच्या मुळाशी एकच दुर्लक्ष असते. पाणी उडून जाते, अमोनिया निघून जातो, कोअलेसंट, म्हणजे रंगातील पॉलिमरचे कण मऊ करून एकजीव करणारा द्रावक, तोही सावकाश बाहेर पडतो. परंतु डब्यातला रंग सुधारावा म्हणून घातलेला थिकनर (रंग घट्ट करणारा पदार्थ) आणि डिस्पर्संट (रंगद्रव्याचे कण सुटे ठेवणारा पदार्थ) हे भिंतीवरच्या फिल्ममध्ये, म्हणजे वाळलेल्या थरात, कायमचे राहतात. त्यामुळे कोणत्याही पॉलिमरची (लांब साखळीच्या रेणूंच्या पदार्थाची) मात्रा ठरवताना डब्याकडे नव्हे, तर वाळलेल्या फिल्मकडे पाहावे.

सर्वांत जुनी आणि मला सर्वाधिक चीड आणणारी चूक म्हणजे घट्टपणालाच दर्जा समजणे. आपल्याकडे गिऱ्हाईक दुकानात डबा उघडते, काठी घालून पाहते आणि "अण्णा, हा रंग पातळ दिसतोय" असे म्हणून डबा परत करते. एका कारखानदाराने यावर सोपा उपाय शोधला: बाइंडर, म्हणजे रंगाला भिंतीशी बांधून ठेवणारा पॉलिमर, थोडा कमी केला आणि तो उणेपणा दिसू नये म्हणून हायड्रॉक्सीइथाइल सेल्युलोज, म्हणजे एचईसी हा पाण्यात विरघळणारा थिकनर, वाढवला. तो रंग उन्हाळ्याच्या शेवटी कणकुंबीच्या बाजूला एका मंगल कार्यालयाच्या बाहेरच्या भिंतींना लागला. मृगाचा पाऊस सुरू झाल्यावर ओल्या भिंतीवर तळहात फिरवला की रंग हाताला येऊ लागला आणि खिडक्यांखाली चिकट ओघळ दिसू लागले. कारखानदाराने रंगाऱ्याच्या पाण्याला दोष दिला, रंगाऱ्याने गिलाव्याला. थिकनरचे नाव कोणीच काढले नाही.

वास्तविक कारण सरळ होते. पाणी उडू लागले की बाइंडरचे कण, ज्यांचा आकार साधारण ०.१ ते ०.२ मायक्रॉन असतो, एकमेकांना भिडतात, दाबले जाऊन त्यांच्यातील पोकळ्या बुजतात आणि शेवटी एका कणातील पॉलिमरच्या साखळ्या शेजारच्या कणात शिरतात. फिल्मला खरे बळ या शेवटच्या पायरीने येते. पाण्यात विरघळणारे एचईसी नेमके कणांच्या सीमांवर साचते, साखळ्यांची वाट अडवते आणि पुढे पावसाचे पाणी शोषून फुगते. शिवाय कणांच्या पृष्ठभागावर न चिकटलेले एचईसी दोन कणांच्या मधून बाहेर राहते, त्यामुळे कण आधीच गुठळ्या करून बसतात आणि रचना विस्कळीत होऊन चकाकीही घटते. मी एचईसी रंगाच्या वजनाच्या अर्ध्या टक्क्याच्या आसपास थांबवतो आणि उरलेली विस्कॉसिटी (घट्टपणा) पॉलियुरेथेन जातीच्या असोसिएटिव्ह थिकनरने उभी करतो. तो महाग पडतो हे मला मान्य आहे. बाइंडर कापून एचईसी भरणे त्याहून महाग पडते, फक्त त्याचे बिल पावसाळ्यात येते.

असोसिएटिव्ह थिकनर मात्र बाइंडरच्या कणांना आणि सर्फॅक्टंटला (साबणासारख्या पदार्थाला) धरून काम करतो. म्हणून बाइंडर बदलून थिकनरची जुनीच मात्रा ठेवू नये, आणि सर्फॅक्टंटने भरलेला टिंटर (छटा देणारी रंगपेस्ट) घातल्यावर गडद छटा पातळ झाली तर आश्चर्य मानू नये.

दुसरी मोठी चूक थंडीतली आहे. डिसेंबर-जानेवारीत बेळगावात पहाटेचे तापमान बऱ्याचदा १५ अंशांखाली जाते आणि भिंत हवेपेक्षाही गार असू शकते. बाइंडरचे किमान फिल्म-निर्मिती तापमान त्याहून वर असेल, तर कण कडकच राहतात आणि फिल्मला बारीक चिरा पडतात किंवा ती भुकटीसारखी सुटते. अशा वेळी घाईत असलेला नवशिका चिरा "बांधण्यासाठी" आणखी थिकनर घालतो, जे रोगाशी संबंध नसलेले औषध आहे. दुपारी ऊन पडले तरी चिरा पूर्ण भरत नाहीत, कारण कणांना दाबणारे पाणी तोवर निघून गेलेले असते. उपाय म्हणजे कोअलेसंट, बाइंडरच्या घन भागाच्या सुमारे ५ ते १० टक्के, आणि तोही ढवळत बारीक धारेने. एकदम ओतल्यास इमल्शन फुटून दाणे पडतात. माझी सवय अशी की रंग, काच आणि ॲप्लिकेटर असे तिन्ही फ्रिजमध्ये गार करून तिथेच थर ओढायचा आणि सकाळी बोटाने घासून पाहायचा. ही परीक्षा हवामानापेक्षा कठोर आहे, आणि ती तशीच असावी.

रंगात लाकडाचा पांढरा गोंद मिसळणाऱ्यांविषयी थोडक्यात सांगायचे तर, त्या गोंदात बहुधा पॉलिव्हिनाइल अल्कोहोल असते आणि ते पाण्याने पुन्हा मऊ पडते. बाहेरच्या भिंतीला हा प्रयोग करू नये.

डिस्पर्संट जास्त झाल्याची खूण डब्यात दिसत नाही, ती भिंत धुताना दिसते. सोडियम पॉलिॲक्रिलेट हा डिस्पर्संट ओलावा ओढतो. अमोनियम प्रकारातील अमोनिया वाळताना उडून जातो, म्हणून बाहेरच्या रंगासाठी मी तोच प्रकार घेतो.

एचईसीच्या गाठी झाल्यास दोष मालाचा नसतो. विलंबाने विरघळणारा प्रकार साध्या, अल्कलीविरहित पाण्यात आधी पूर्ण पसरू द्यावा आणि त्यानंतरच अमोनिया घालावा. अमोनिया आधी घातल्यास पावडर पसरण्यापूर्वीच फुगते आणि त्या गाठी पुढे कितीही ढवळले तरी सुटत नाहीत.

राहिला प्रश्न तपासणीचा. हाताला कोरडा लागणारा थर पूर्ण तयार झालेला नसतो, कारण साखळ्या एकमेकींत शिरण्याचे काम पुढे कित्येक दिवस चालते. त्याच संध्याकाळी घासून नमुना बाद करणारे आणि त्याच संध्याकाळी पास करणारे, दोघेही चुकतात. आठवडाभर वाळलेल्या फिल्मवर पाण्याचा थेंब तासभर ठेवून ती पांढरट होते का, हे मी पाहतो. पांढरी पडली तर आधी पाण्यात विरघळणाऱ्या पॉलिमरची आणि सर्फॅक्टंटची बेरीज तपासतो, बाइंडरच्या विक्रेत्याला फोन त्यानंतर करतो.