क्योटोला विद्यार्थ्यांचा गट नेताय? आधी ‘दाशी’ समजून घ्या

आपल्याकडच्या कॉलेजच्या सहलीत निम्मी मुलं शाकाहारी निघतात, आणि जपानमध्ये खरी पंचाईत इथेच होते. मिसो सूप, उदोन नूडल्स, अगदी भाजीसुद्धा ‘दाशी’ नावाच्या अर्कात शिजते. तो बहुतेकदा सुकवलेल्या बोनितो माशाचा असतो. त्यामुळे ‘मांस नको’ एवढं सांगून भागत नाही. ‘मांस, मासे आणि माशाची दाशी चालत नाही’ असं जपानीत लिहिलेलं कार्ड प्रत्येकाच्या खिशात ठेवा. झटपट भूक भागवायला काकडीची सुशी, म्हणजे काप्पामाकी, बरी.

एक जेवण मात्र ‘शोजिन र्‍योरी’चं, म्हणजे बौद्ध मठांतल्या शाकाहारी परंपरेचं घ्याच. क्योटोच्या अराशियामा भागातल्या तेनर्‍यूजी मंदिराच्या आवारात ते मिळतं. टोफू, तीळ, रानभाज्या, आणि दाशी कोंबू या समुद्री शेवाळाची किंवा शिताके मशरूमची. कांदा-लसूणही परंपरेने वर्ज्य. जैन मुलांनी कंदमुळांचं तेवढं आधी विचारावं. गटासाठी आरक्षण आधीच करा.

फुशिमी इनारी हे शिंतो देवस्थान चोवीस तास खुलं आणि विनाशुल्क, कियोमिझुदेरा हे बौद्ध मंदिर सकाळी 6 ला उघडतं. दोन्ही ठिकाणी उजाडताच पोचा. दहानंतर नुसती डोकी दिसतात. निशिकी बाजारात घेतलेला पदार्थ दुकानासमोरच उभं राहून संपवायचा, खात हिंडायचं नाही. तिथली दुकानं चिंचोळी, म्हणून चार-चारच्या टोळ्या करा. गिओन या गेइशांच्या जुन्या वस्तीतल्या खाजगी गल्ल्यांत शिरल्यास 10,000 येन दंडाच्या पाट्या आहेत; सेल्फीवीरांना हे निघण्यापूर्वीच बजावा.